नाणी तोलणारा गणिती

आमच्या जोह्याला गणपती भाद्रपदात येत नाहीत, ते वर्षभर तिथेच असतात. फळ्यांवर ओळीने, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे. पेण तालुक्यातलं, हमरापूरच्या शेजारचं हे गाव. इथे घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना 'कारखाना' म्हटलं की धूर सोडणारी चिमणी आठवते. आमच्याकडे कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मातीचा वास, साचे, ब्रश आणि कोपऱ्यात खरखरणारा रेडिओ. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला माफ करा. त्यांनी खूप सुधारल्या, तरी काही राहिल्या असतील.)

मागच्या वर्षी मी एक उद्योग केला. एकाच साच्यातून काढलेल्या शाडूच्या वीस मूर्ती घेतल्या आणि रोज सकाळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांचं वजन करून वहीत लिहिलं. माती सुकते म्हणजे पाणी जातं, पाणी जातं म्हणजे वजन उतरतं. वजन उतरायचं थांबलं की मूर्ती सुकली, असा साधा हिशोब. मजा अशी झाली की सगळ्या मूर्ती सारख्या वेगाने सुकल्या नाहीत. दाराजवळच्या लवकर सुकल्या, भिंतीकडच्या मागे राहिल्या, आणि सुरुवातीला जवळपास सारखी असलेली वजनं मधल्या दिवसांत चांगलीच विखुरली. मी ग्राफ काढले, पोस्टर केलं आणि एका बाहेरच्या कॉलेजच्या स्पर्धेत घेऊन गेले. परीक्षकांनी पोस्टर पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, हे कोणत्या ब्रँचमध्ये बसतं? मी इलेक्ट्रॉनिक्सची. माती सिव्हिलची. सुकणं बहुतेक मेकॅनिकलचं. गणपती कोणत्याच ब्रँचचा नाही. पोस्टर 'इतर' मध्ये गेलं, आणि 'इतर' मध्ये बक्षीसच नव्हतं!

घरी आल्यावर पप्पांनी एवढंच विचारलं की मग भिंतीकडच्या फळीवरच्या मूर्तींना रंग कधी लावायचा. त्यांना माझ्या ब्रँचशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढच्या सेमिस्टरला इमेज प्रोसेसिंगमध्ये आम्हाला 'केएल ट्रान्सफॉर्म' आला. केएल म्हणजे कारहुनेन आणि लोएव्ह, एक फिनलंडचा आणि एक फ्रान्सचा. शिकवता शिकवता सर सहज बोलून गेले की ह्या दोघांच्या आधी हीच कल्पना पुण्याच्या एका प्रोफेसरांनी छापली होती, आणि ते प्रोफेसर जुनी नाणी तोलायचे. नाणी तोलायचे म्हटल्यावर माझे कान टवकारले. वजनकाट्याशी माझं नातं ताजं होतं ना! लायब्ररीत गेले आणि दामोदर धर्मानंद कोसंबी ह्या माणसाला भेटले. आर्ट्सच्या मुलांना हे नाव इतिहासकार म्हणून पाठ असतं. आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं की ते आयुष्यभर पगार घेत होते तो गणिताचा.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पालीचे मोठे पंडित. धर्मानंदांची कथा हा खरं तर वेगळाच लेख आहे. घरात फारसं शिक्षण नाही, खिशात पैसे नाहीत, आणि हा माणूस १८९९ मध्ये घर सोडून संस्कृत आणि बुद्ध शोधत पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असा फिरला. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या कामासाठी त्यांना अमेरिकेला बोलावलं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि मोठी बहीण माणिक त्यांच्याबरोबर होती.

दामोदरची शाळा मग तिकडेच झाली, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला. मधे तो भारतात येऊन गेला आणि १९२६ ला हार्वर्डमध्ये दाखल झाला. तिथले मोठे गणिती बर्कहॉफ त्याला सांगत की फक्त गणितावर लक्ष दे. पण ह्याला सगळंच हवं होतं! गणिताबरोबर भाषा, इतिहास, जे मिळेल ते. १९२९ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गुण उत्तम, पण पीएचडीसाठी फेलोशिप काही मिळाली नाही. म्हणजे ज्याच्या नावाचं सूत्र आज जगभरच्या जेनेटिक्सच्या पुस्तकांत आहे, त्याची शेवटची रेग्युलर डिग्री बीए होती. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर पर्सेंटेज भरताना मला हे हटकून आठवतं.

बाविसाव्या वर्षी तो भारतात परतला आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागला. पहिला पेपर १९३० चा, विषय ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा, आणि तो छापला भौतिकशास्त्राच्या मासिकात. सुरुवातच शेजारच्या घरात! १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी अलिगढला नोकरी लागली. तिथला गणित विभागप्रमुख होता आंद्रे वेल हा फ्रेंच गणिती. वय वर्षं पंचवीस. आपल्याकडे पंचविशीचा हेड ऑफ डिपार्टमेंट कल्पनेत तरी येतो का? वेलने विजयराघवन आणि कोसंबी असे तरुण गणिती जमवले आणि अलिगढला थोडा काळ धमाल आली.

ह्या धमालीतली एक गोष्ट तर आपल्या हॉस्टेलला शोभेल अशी आहे. एका सहकाऱ्याची जिरवायची होती. वेलच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक गंभीर चेहऱ्याचा पेपर लिहिला आणि त्यात डी. बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितीच्या प्रमेयाचा विस्तार केला. हा बुर्बाकी मुळात अस्तित्वातच नव्हता. पेपर अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात रीतसर छापून आला. काही वर्षांनी पॅरिसमध्ये वेल आणि त्याच्या मित्रांनी निकोला बुर्बाकी ह्याच टोपणनावाने सगळं गणित नव्याने लिहायला घेतलं, आणि ते नाव विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध गणिती नावांपैकी एक झालं. पण संशोधनाच्या पेपरमध्ये बुर्बाकी पहिल्यांदा अवतरला तो अलिगढच्या एका चोवीस वर्षांच्या मराठी मास्तरच्या हातून.

अलिगढ फार दिवस टिकलं नाही. वेल गेला, मंडळी पांगली. कोसंबी पुण्याला आले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले, ते थेट १९४५ पर्यंत. ही जी बारा-तेरा वर्षं आहेत, माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण भाग हाच. प्रयोगशाळा नाही, संशोधनाचं अनुदान नाही, आजूबाजूला त्यांच्या विषयात काम करणारं जवळपास कोणी नाही. मग बोलायचं कोणाशी? त्यांनी पोस्टाने बोलायचं ठरवलं.

त्यांचा मुख्य विषय होता पथ-अवकाशांची भूमिती. सोपं करून सांगायचं तर कणांच्या वाटा कशा वळतात हे सांगणारी समीकरणं दिलेली असतील, तर त्या वाटांवरून अवकाशाचा आकार ओळखायचा. आमच्या गावातल्या पायवाटा पाहून टेकडी कुठे आहे ते सांगण्यासारखं. (ही उपमा माझी आहे, गणिताच्या सरांनी रागावू नये.) ह्यावरचा त्यांचा पेपर १९३३ मध्ये एका नामवंत जर्मन मासिकात आला. तो पॅरिसच्या एली कार्ताँनी वाचला. कार्ताँ म्हणजे त्या काळच्या भूमितीतले भीष्माचार्य, वय चौसष्ट. त्यांनी त्या पेपरावर स्वतःची टिप्पणी लिहिली आणि ती कोसंबींच्या पेपराला लागूनच छापली गेली. सहा वर्षांनी, १९३९ ला, शिंग-शेन चर्न ह्या अठ्ठावीस वर्षांच्या चिनी गणितीने तेच काम पुढे नेलं. आज ह्या सिद्धांताला तिघांचं नाव आहे, कोसंबी-कार्ताँ-चर्न. आपल्या ईमेलच्या जमान्यात ग्रुप प्रोजेक्टमधले चार जण एका वेळी जमत नाहीत, आणि ह्यांचा ग्रुप पुणे, पॅरिस आणि चीन असा होता. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ते भारतीय विज्ञान अकादमीचे फेलो झाले.

इथपर्यंतची गोष्ट एका हुशार गणितीची आहे. खरी गंमत आता येते.

कोसंबींनी स्वतःचे स्वतः संख्याशास्त्र शिकायला घेतलं. नुसतं पुस्तकातून शिकून समाधान होईना, म्हणून प्रत्यक्षातला डेटा शोधू लागले. प्राध्यापकाच्या हाताशी सगळ्यात जास्त डेटा कसला असतो? विद्यार्थ्यांच्या मार्कांचा! त्यांनी तोच घेतला. त्यातून परीक्षा पद्धतीबद्दल काही गोड निष्कर्ष निघाले नाहीत, हे सांगायला नकोच. मग ते वळले जुन्या नाण्यांकडे.

आपल्या देशातली सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीचे छोटे, ओबडधोबड तुकडे, वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आसपास, त्यावर ठशांनी उमटवलेली चिन्हं. सूर्य, टेकडी, झाड, हत्ती वगैरे. राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही. मग कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे कळणार कसं? नाणकशास्त्राचे तज्ज्ञ चिन्हांचा अर्थ लावत बसले होते. कोसंबींना चिन्हांचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांना सरासरी ठाऊक होती.

त्यांची कल्पना अशी. टांकसाळीतून नाणी बाहेर पडतात तेव्हा सगळ्यांची वजनं जवळपास सारखी असतात. मग ती बाजारात फिरतात. हातांना, थैल्यांना, एकमेकांना घासतात आणि दरवेळी किंचित झिजतात. एकेका नाण्याबद्दल आपण काही सांगू शकत नाही. एखादं शंभर हातांतून जाईल, एखादं कुणा कंजुषाच्या मडक्यात पडून राहील. पण एकाच घडणीच्या पुष्कळ नाण्यांचा गट घेतला, तर जितकी वर्षं ती बाजारात फिरली तितकी त्यांची सरासरी खाली उतरणार, आणि वजनांमधला विखुरलेपणा वाढत जाणार. म्हणजे सरासरी आणि व्हेरियन्स मिळून घड्याळ झालं! एकाच जागी पुरलेल्या साठ्यातली नाणी चिन्हांप्रमाणे गटांत लावायची, वजनं करायची, आणि जो गट जास्त झिजलेला तो जुना.

पण हे खरं कशावरून? इथे मला कोसंबी खूप आवडले. त्यांनी आधी आपल्याच काळातली, खिशातली नाणी घेतली. इंग्रजी अमलातल्या नाण्यांवर साल छापलेलं असायचं, म्हणजे उत्तर आधीच माहीत. अशी हजारो नाणी त्यांनी एकेक करून तोलली आणि दाखवलं की सालागणिक सरासरी खरोखर ठराविक गतीने उतरते आणि विखुरलेपणा वाढतो. आपण लॅबमध्ये याला कॅलिब्रेशन म्हणतो. एवढं झाल्यावरच त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांच्या आकड्यांना हात घातला. नाण्यांच्या मागच्या बाजूला छोट्या छोट्या खुणाही असतात. त्या मोजल्यावर दिसलं की जितक्या खुणा जास्त, तितकं वजन कमी. त्यावरून त्यांनी म्हटलं की नाणं बाजारात असताना अधूनमधून तपासलं जायचं आणि दर तपासणीला खूण मारली जायची. १९४० पासून हे सगळं छापून येऊ लागलं. काही करंट सायन्समध्ये, जिथे वैज्ञानिक वाचतील. काही प्राच्यविद्येच्या मासिकांत, जिथे इतिहासवाले वाचतील.

नाणकशास्त्रातल्या सगळ्यांनी हे मान्य केलं असं नाही. जमिनीत पुरलेली नाणी गंजतात, साफ करताना चांदी जाते, सगळ्या प्रदेशांत नाणी सारखी फिरत नाहीत, असे आक्षेप आहेत आणि ते काही फालतू नाहीत. माझ्या भिंतीकडच्या मूर्ती आठवा. मोजणारा कितीही काळजी घेवो, फळी कुठे आहे याचा फरक पडतोच. पण पद्धत लोकांसमोर आली, भांडता येईल इतकी स्पष्ट होती, हे महत्त्वाचं वाटतं.

एकदा नाण्यात शिरल्यावर पुढचे प्रश्न आपोआप आले. ही नाणी पाडली कोणी? कोणत्या राजांनी, कोणत्या व्यापाऱ्यांनी? ते पाहायला जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणजे संस्कृत हवं. घरात वडील एवढे पंडित, तरी कोसंबींनी संस्कृत वर्गात बसून शिकलं नाही. एक ग्रंथ हातात घेऊन थेट पाण्यात उडी मारली, भर्तृहरीची शतकं. भांडारकर प्राच्यविद्या मंदिरात तेव्हा महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम चालू होतं. असंख्य हस्तलिखितं ताडून मूळ पाठ कोणता ते ठरवायचं, असं ते काम. त्याचे प्रमुख विष्णु सीताराम सुकथनकर हे स्वतः केंब्रिजला गणित शिकलेले होते! एक गणित सोडून संस्कृतात आलेला, दुसरा गणित न सोडता आलेला. सुकथनकरांकडून कोसंबींनी पाठचिकित्सेची रीत उचलली, आणि १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती काढली. नंतर वि. वि. गोखले यांच्याबरोबर विद्याकर ह्या बौद्ध पंडिताने केलेला सुभाषितसंग्रह संपादित केला. तो १९५७ मध्ये हार्वर्डच्याच ग्रंथमालेत निघाला.

हे चालू असतानाच १९४४ मध्ये लंडनच्या एका जनुकशास्त्रीय मासिकात त्यांचा चार पानांचा पेपर आला. चार पानं फक्त. गुणसूत्रावर जनुकं माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. आईबापांकडून मुलांकडे जाताना जोडीतली दोन गुणसूत्रं मधेच तुटून आपसांत तुकडे बदलतात. दोन जनुकं जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणजे ताटातूट मोजून अंतर काढता येतं. पण दोन जनुकांच्या मधे दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि आपल्याला काही झालंच नाही असं वाटतं. ह्यासाठी हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिलं होतं, ज्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरलेली होती. प्रत्यक्षात मात्र एक अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी हे हिशोबात धरून नवं सूत्र काढलं. कॅल्क्युलेटर हातात असेल तर करून बघा. ताटातूट २० टक्के असेल तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर साधारण २५.५ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्राने २१.२. आजही भाताच्या, गव्हाच्या जनुकांचे नकाशे काढणारे संगणक प्रोग्रॅम उघडले की विचारतात, हॉल्डेन की कोसंबी? ह्या कोसंबींनी कधी भाताचं रोप चाळलं नव्हतं की माशी पाळली नव्हती.

हे झालं ऐकलं गेलेलं काम. आता न ऐकलेलं. १९४३ मध्ये त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर एक पेपर लिहिला. कल्पना अशी की कितीही वेडीवाकडी, यादृच्छिक लहर असली तरी तिला थोड्या नीट निवडलेल्या मूळ आकारांच्या बेरजेत मांडता येतं. पुढच्या पाचेक वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह यांनी तेच स्वतंत्रपणे मांडलं, आणि नाव त्यांचं लागलं. मेकॅनिकलवाले वाहत्या हवेतल्या भोवऱ्यांचा अभ्यास करताना हीच गोष्ट वेगळ्या नावाने वापरतात, आम्ही फोटो दाबून लहान करायला वापरतो. महायुद्ध चालू, मासिक भारतातलं, विषय असा की गणितवाल्यांना फार उपयोगी वाटू नये आणि ज्यांना उपयोग होता ते इंजिनिअर ते मासिक उघडणार नाहीत. मला ह्यात कोणाचा कट दिसत नाही. चिठ्ठी बरोबर होती, पत्ता चुकला एवढंच. पण आमच्या टेक्स्टबुकात एका ओळीत तरी त्यांचं नाव असायला हरकत नव्हती.

१९४५ मध्ये होमी भाभांनी नवी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च उभी केली आणि कोसंबींना गणिताचे प्रोफेसर म्हणून बोलावलं. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेला गेले, तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांचा अभ्यास करायला. शिकागोत त्यांनी भूमिती शिकवली, प्रिन्स्टनलाही राहिले.

नोकरी मुंबईत पण बिऱ्हाड पुण्यातच. डेक्कन क्वीनने जाणं-येणं. म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या कर्जतवरून घाट चढणारी ती गाडी कोसंबींची चालती लायब्ररी होती म्हणा ना. सुट्टीत पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालायचे. हातात काठी, नजर जमिनीवर, आणि दगडी हत्यारांचे बारीक तुकडे वेचायचे. वेशीबाहेरच्या देवींना शेंदूर कोण लावतं, जत्रा कुठून कुठे जाते, धनगर कोणत्या वाटेने मेंढ्या नेतात, हे त्या त्या माणसांनाच विचारायचे. कार्ले लेणीतले दानलेख वाचून त्यांनी दाखवलं की ही लेणी बंदरांकडून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवर आहेत. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं, आणि मग राजांच्या सनावळ्यांऐवजी नांगर, धान्य आणि बाजार यांतून इतिहास वाचण्याची एक अख्खी परंपरा सुरू झाली. ते मार्क्सवादी होते आणि त्यांच्या इतिहासाशी भांडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. इतिहास हा माझा विषय नाही, म्हणून मी इथेच थांबते. (बघा, मीसुद्धा ब्रँच बघूनच बोलते आहे.)

आता दुसरी बाजू. कोसंबी स्वभावाने सोपे नव्हते. तिरकस बोलायचे, तळटीपांतून लोकांना ओरबाडायचे. अणुऊर्जेचा सगळीकडे जयजयकार चालला असताना ते जाहीरपणे म्हणत होते की एवढं ऊन असलेल्या देशाने सूर्याच्या ऊर्जेवर पैसा घालावा. आणि नोकरी होती भाभांच्या संस्थेत! त्यात १९५९ मध्ये त्यांच्या हातून मोठी चूक झाली. रीमान हायपोथेसिस हा गणितातला अत्यंत अवघड, आजही न सुटलेला प्रश्न. संभाव्यतेच्या मार्गाने तो आपण सोडवला असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी छापलं कुठे, तर कृषी संख्याशास्त्राच्या मासिकात! शेतीच्या आकडेवारीचं मासिक ते, तिथे ह्या सिद्धतेतली चूक पकडणार कोण? सिद्धता चुकीची होती. गणितींनी टर उडवली.

मी ह्यावर खूप विचार केला. ज्या सवयीमुळे ते दर वेळी दुसऱ्याच्या अंगणात जाऊन काहीतरी देऊन यायचे, तीच सवय इथे नडली. नाण्यांचा पेपर दुसऱ्या विषयात नेला तेव्हा तिथे भांडायला तज्ज्ञ हजर होते. रीमानचा पेपर अशा ठिकाणी नेला जिथे कोणी भांडणारच नव्हतं. एवढ्या हुशार माणसाला हे कळलं नसेल? की कळूनच तिकडे नेला? ह्याचं उत्तर मला काही सापडलं नाही.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कारणांबद्दल वेगवेगळं लिहिलं गेलं आहे. अणुऊर्जेवरचे मतभेद, राजकीय मतं, रीमान, पुण्यात राहणं, सगळंच थोडं थोडं असेल. सोळा-सतरा वर्षांची नोकरी गेली, पण काम थांबलं नाही. मूळ संख्यांवरचा त्यांचा एक पेपर १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मासिकात आला. काही पेपर त्यांनी एस. डुक्रे ह्या भलत्याच टोपणनावाने छापले. अलिगढचा खोडकर मुलगा अजून जिवंत होता तर! १९६४ ला त्यांना सीएसआयआरचे एमेरिटस सायंटिस्ट म्हणून मान मिळाला आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत ते काम करू लागले. त्यांच्या दोन मुलींपैकी मीरा कोसंबी पुढे स्वतः नावाजलेल्या समाजशास्त्रज्ञ झाल्या. २००८ मध्ये पोस्टाने कोसंबींचं तिकीट काढलं. आयुष्यभर पोस्टाने संवाद साधणाऱ्या माणसाला हे शोभून दिसलं असं मला वाटतं.

फेब्रुवारी १९६६ मध्ये सायंटिफिक अमेरिकन ह्या जगभर वाचल्या जाणाऱ्या मासिकात त्यांचा एक लेख आला. इतिहासावर नाही, रीमानवर तर नाहीच. तो होता नाण्यांवर. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात काटा घेऊन बसून केलेलं काम, आता कोणत्याही ब्रँचच्या माणसाला कळेल अशा भाषेत. २९ जून १९६६ ला पुण्यातल्या घरी झोपेतच ते गेले. एकोणसाठ पुरे व्हायला महिना बाकी होता.

गेल्या दिवाळीत मी घरातले सगळे एक रुपये जमा केले, एकाच घडणीचे वेगळे काढले, सालाप्रमाणे लावले आणि कारखान्यातल्या काट्यावर ठेवू लागले. आमचा काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो. नवं असो, जुनं असो, प्रत्येक नाण्याला चार, चार, चार. पप्पा हसले. फिजिक्स लॅबमधला बारीक काटा दोन दिवस वापरायला मिळावा म्हणून मी अर्ज दिला आहे. अर्जावर ब्रँचचा कॉलम होता.